दोनशे चौदा नंबरची टाकी

‘मॅडम, हे मधले नंबर कुठं गेले?’

त्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की आजही कुणी आवाज चढवून ‘मॅडम’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. विचारणारे आमचे साहेब. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं असं बघायचे, जणू मधले नंबर मी पर्समध्ये घालून घरी नेले होते.

लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तो हा उन्हाळा. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत, टंचाई शाखेत, कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. तालुक्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर साहेबांना ओळखणारे निघतील आणि मला त्यांच्याशी नवं भांडण उकरून काढायचं नाही. जुनंच पुरेसं आहे. घर माझं नांदेडचं. आठवडाभर तालुक्याला भाड्याच्या खोलीत राहायचं आणि सुट्टी मिळाली की अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठायचं, असं चाललं होतं.

काम साधं होतं. कुठल्या गावाला, वाडीला, तांड्याला टँकर पाहिजे याची मागणी आली की ती कॉम्प्युटरवर चढवायची आणि रोज सकाळी त्यावरून टँकरच्या खेपांचा तक्ता छापून ड्रायव्हर लोकांच्या हाती द्यायचा. डेटाबेस एकाच मशीनवर चालणारा, कधीकाळी कुणीतरी बनवून ठेवलेला. त्यात पहिल्या रकान्यात नंबर आपोआप पडायचा. तो आपण टाकायचा नाही, आपल्याला बदलताही यायचा नाही. नवी नोंद सुरू केली की मशीन पुढचा नंबर देणार. नोंद अर्धवट राहून रद्द केली, एकच गाव दोनदा चढलं म्हणून एक नोंद काढून टाकली, की तो नंबर गेला. पुन्हा कुणालाच मिळणार नाही. शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस. यात कसलं काळंबेरं नाही. ती त्या यंत्राची रीतच आहे.

पण साहेबांची सगळी नोकरी आवक-जावक रजिस्टरात गेलेली. रजिस्टरात नंबर सुटला म्हणजे कुणीतरी कागद दाबला, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांचा संशय मी समजू शकत होते. समजावून सांगितलेलं ऐकायचंच नाही, हे मात्र मला समजत नव्हतं आणि आजही समजत नाही.

मी त्यांना माझ्या परीनं सांगून पाहिलं होतं. ‘साहेब, हापशावर बायका घागरी रांगेत लावतात. एखादीला मधेच घरी जावं लागलं, तर ती घागर उचलते आणि तिथं दगड ठेवून जाते. मागचीनं पुढं सरकायचं नसतं. दगड म्हणजे ती जागा तिची. ती आली नाही तरी ती जागा दुसरीची होत नाही. कॉम्प्युटरचं तसंच आहे. नंबर म्हणजे मोजणी नव्हे साहेब, ती ओळख आहे. मधे एखादी जागा मोकळी राहिली म्हणून मागच्यांची ओळख बदलायची नसते.’

साहेब हसले. ‘मॅडम, हे ऑफिस आहे. हापसा नाही.’

समोर बसलेले टँकरचे दोघं कंत्राटदारही हसले.

आता हे नंबर एवढे महत्त्वाचे का झाले, ते सांगायला हवं. गावागावांत पाणी साठवायला काळ्या टाक्या ठेवल्या होत्या. टँकरवर बरेच ड्रायव्हर देगलूरच्या पलीकडचे, तेलंगणातले. मोडकंतोडकं मराठी बोलायचे, दखनी फर्डी, पण मराठी वाचायचं म्हटलं की गाडी अडायची. शिवाय नावांचा घोळ वेगळाच. भीमनगर म्हणाल तर प्रत्येक गावात एक, आणि तांडा म्हणाल तर कुठला तांडा? म्हणून साहेबांनीच हुकूम काढला, की कॉम्प्युटरचा नंबर पांढऱ्या ऑइल पेंटनं टाकीवर लिहायचा, आणि ड्रायव्हरनं नावावर नाही, नंबरवर जायचं. ही युक्ती चांगली होती. त्यांची एवढी एक गोष्ट मी आजही मान्य करते. आठवड्याभरात ड्रायव्हर लोकांना कुठल्या नंबरची टाकी कुठं आहे, ते तोंडपाठ झालं.

त्यातली दोनशे चौदा नंबरची टाकी माझ्या अक्काच्या वस्तीवर होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला त्या तालुक्यातल्या एका गावी दिलेलं. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, तेव्हापासूनचे. अक्काची वस्ती गावापासून जरा वर, माळाला लागून. दरवर्षी गावाला टँकर मंजूर झाला की कागदावर वस्तीही त्यातच धरलेली असायची. टाकी मात्र गावातल्या चौकात, त्यामुळं पाणीही चौकात. वस्तीवरच्या बायकांनी खाली उतरायचं, गावातल्यांचं भरून होईस्तोवर बाजूला उभं राहायचं, आणि कुणी ‘घ्या आता’ म्हटलं की उरलंसुरलं घ्यायचं. कुणी शिवी देत नव्हतं, कुणी हाकलत नव्हतं. फक्त थांबायचं. अक्का म्हणायची, ‘पान्याचं वझं न्हाई वाटत गं. थांबायचं वझं वाटतं.’

त्या वर्षी तिनं वस्तीवरच्या बायकांना घेऊन ग्रामसेवकाकडं, मग पंचायत समितीत, मग आमच्या कचेरीत चकरा मारल्या. वस्तीची मागणी वेगळी धरा, टाकी वेगळी द्या. मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की या माझ्या बहीण आहेत, तेव्हा या अर्जावर मी काही बोलणार नाही, तुम्हीच बघा. अर्ज रांगेनं गेला, पाहणी झाली, मंजुरी आली. वस्तीची नोंद सगळ्यांत शेवटी चढली. मशीननं दोनशे चौदा नंबर दिला. टाकीवर नंबर रंगवला त्या दिवशी अक्कानं मला फोन केला आणि नुसती हसत राहिली.

त्याच सुमारास नव्या जिल्ह्याचं वारं सुटलं. आपला तालुका नव्या जिल्ह्यात जाणार, म्हणून कुणी पेढे वाटायला तयार, तर कुणी रास्ता रोको करायला. आमचे साहेब पेढेवाल्यांत. नव्या जिल्ह्यात आपल्याला वरची खुर्ची मिळणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वरून कुणीतरी पाहणीला येणार, रेकॉर्ड बघणार, अशी कुणकुण लागली आणि त्यांचं ते मधल्या नंबरांचं दुखणं फार वाढलं. ‘नव्या जिल्ह्याला रेकॉर्ड कसं द्यायचं? एकपासून सलग. मधे खड्डे नकोत.’

‘सलग केलं तर टाक्यांवरचे नंबर चुकतील, साहेब.’

‘ते बघू.’

मी त्या रविवारी नांदेडला गेले. आईला दवाखान्यात दाखवायचं होतं. येताना आईनं अर्धापूरची केळी पिशवीत कोंबली. सोमवारी दुपारी कचेरीत पोचले, तर शिपाईमामा मला बघून न बघितल्यासारखं करत आत निघून गेले. तेव्हाच मला काहीतरी खटकलं.

मशीन सुरू केलं. एक, दोन, तीन, चार, सलग एकशे सत्त्याऐंशीपर्यंत. एकही नंबर सुटलेला नाही. साहेबांनी लातूरहून ओळखीचा एक कॉम्प्युटर क्लासवाला बोलावला होता. त्या पठ्ठ्यानं रविवारी नंबरांचा अख्खा रकानाच उडवला आणि नवा टाकला. झालं सलग. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि तो गेला.

‘बघितलंत?’ साहेब म्हणाले. ‘एका तासाचं काम होतं. तुम्ही तीन महिने हापसा सांगत बसलात.’

मी म्हणाले, ‘टाक्या?’

‘टाक्यांचं सावकाश रंगवून घेऊ. पेंटरचं बिल मंजूर व्हायचंय.’

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. म्हणजे तक्त्यावर नवे नंबर, टाक्यांवर जुने, आणि ड्रायव्हर नंबरवर जाणारे! मधल्या गावांचं फारसं बिघडलं नाही. त्यांच्या टाकीवरचा नंबर तक्त्यात होताच, भले तो आता दुसऱ्या कुणाचा असो. कुणाचा ना कुणाचा टँकर त्यांच्याकडं येतच राहिला. ज्याला ठरल्यापेक्षा मोठा आला, तो गप्प बसला. ज्याला लहान आला, त्यानं दोन शिव्या हासडल्या आणि भरून घेतलं. मेले ते शेवटचे. ज्यांच्या टाकीवर एकशे सत्त्याऐंशीच्या पुढचा नंबर होता, त्यांचा नंबर तक्त्यात उरलाच नव्हता. आणि शेवटचे कोण होते? ज्यांची मागणी वेगळी धरायलाच सगळ्यांत जास्त उशीर लावला होता, तेच. वस्त्या, तांडे, माळावरची पालं. आधी शेवटी घेतलं, आणि सलग करायची वेळ आली तेव्हा शेवट कापून टाकला.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. ‘टँकर वस्तीच्या खालून गेला गं. आम्ही आडवं होऊन थांबिवला. डायवर कागद दावून राहिला. म्हनला, मेरे कागज पे ये नंबरच नै, अम्मा. मैं क्या करूं? खरंच न्हाई का गं आमचा नंबर?’

‘आहे अक्का. मी बघते.’

‘बघ बाई. आज पुन्यांदा चौकात जाऊन उभं ऱ्हायलो आम्ही. ते लोक हसले न्हाईत, पर इचारलं. म्हनले, तुमची येगळी टाकी हाय ना आता?’

त्या रात्री मला झोप आली नाही, असं लिहायला हवं. पण खरं सांगते, रागानं मी गाढ झोपले आणि सकाळी रागातच उठले.

साहेबांना मी सांगितलं, की शुक्रवारची जुनी फाईल माझ्याकडं पेन ड्राइव्हवर आहे, अर्ध्या तासात पहिल्यासारखं करून देते. ते नाही म्हणाले. पाहणी कधीही येईल. मी म्हणाले, मग आजच्या आज टाक्या रंगवा. त्यालाही नाही. मी म्हणाले, निदान शेवटच्या टाक्यांना तरी हातानं लिहून खेपा द्या. तर त्यांनी तक्ता माझ्यासमोर धरला आणि एकशे सत्त्याऐंशीच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘हे काय? तुमच्या बहिणीची वस्ती. काल खेप गेलीय. ड्रायव्हरची सही आहे. पाणी पोचलंय.’

पोचलं होतं. एकशे सत्त्याऐंशी नंबर रंगवलेल्या टाकीत, दुसऱ्याच एका मोठ्या गावात. कागदावर मात्र ते माझ्या अक्कानं प्यालं होतं. मी हे बोटानं दाखवून दाखवून सांगितलं. टाकीवरचा नंबर कोणता, कागदावरचा कोणता. पहिलीतल्या लेकराला कळलं असतं. साहेबांनाही कळलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आणि कळलं म्हणूनच ते पुढचं बोलले, मोठ्यानं, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं.

‘मॅडम, ती वस्ती तुमच्या लोकांची आहे. तुम्ही या विषयावर न बोललेलं बरं. उद्या कुणी म्हणेल, ऑपरेटर आपल्याच माणसांचे नंबर लावतेय.’

तुमच्या लोकांची. मी स्वतःहून पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट, माझा सरळपणा, त्यांनी नीट जपून ठेवला होता आणि वेळ आल्यावर माझ्याच अंगावर फेकला. बाकीची माणसं टेबलावरच्या कागदांत डोकं घालून बसली. कचेरीत एवढं काम मी पुढं-मागं कधी पाहिलं नाही.

असेच काही दिवस गेले. अक्काचा फोन रोज यायचा, मग यायचा बंद झाला. मी केला तर म्हणायची, ‘राहू दे. तुझी नोकरी नको जायला.’ तिचा आवाज इतका समजूतदार झाला होता की मला तो ऐकवेना. भांडणारी अक्का मला चालली असती. ही चौकात उभी राहून राहून परत गप्प व्हायला शिकली होती.

मग एका सकाळी मी मशीन सुरू केलं, तक्ता तयार केला आणि छापला नाही. हाताची घडी घालून बसले. बाहेर टँकर उभे, इंजिनं चालू. ड्रायव्हर खिडकीशी येऊन बघायला लागले. कंत्राटदार आला. शिपाईमामा आले, वाकून हळूच म्हणाले, ‘मॅडम, असं नका करू. लई वंगाळ व्हईल.’

‘होऊ द्या, मामा.’

साहेब आले. ‘प्रिंट काढा.’

‘जुने नंबर परत टाकल्याशिवाय नाही काढणार.’

‘मी दुसऱ्याकडून काढून घेतो.’

‘घ्या.’

आता आमच्या साहेबांना नव्या जिल्ह्याचा नकाशा पाठ होता. पण प्रिंट कुठून निघते, ते ठाऊक नव्हतं. क्लासवाल्याला फोन लावला, तो लातुरात कुणाच्या तरी लग्नात. बाकी कुणी त्या मशीनला हात लावायला धजेना. साहेबांनी कंत्राट रद्द करतो म्हटलं, गुन्हा दाखल करतो म्हटलं. मी काही मोठी शूर नव्हते. घरी दवाखाना चालू असलेली आई होती, आणि अख्ख्या तालुक्याची तहान माझ्यामुळं लांबत होती, हेही मला कळत होतं. कुठंतरी कुणाची म्हातारी, कुणाचं लेकरू रिकाम्या टाकीकडं बघत असणार. त्याची बोच अजून आहे. पण उठावंसं वाटलं नाही.

आणि मग फोन वाजला. एका मोठ्या गावच्या सरपंचाचा, टँकर का निघाला नाही म्हणून. तो ठेवतात न ठेवतात तोच दुसरा. मग पंचायत समितीच्या एका सदस्याचा, मग साहेबांच्या खिशातला मोबाईल, मग पुन्हा टेबलावरचा. साहेब उभ्यानं उत्तरं देत होते, ‘हो साहेब, निघतायत साहेब, तांत्रिक अडचण आहे साहेब.’ वस्त्यांचं, तांड्यांचं पाणी इतके दिवस बंद होतं, तेव्हा हा फोन एकदाही वाजला नव्हता. मी रोज त्याच्या शेजारी बसत होते, मला माहीत आहे. मोठ्या गावांची टाकी एक सकाळ कोरडी राहिली, तर त्याला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. मी त्या फोनकडं बघत राहिले, आणि इतका संताप मला साहेबांचाही आला नव्हता.

शेवटी त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाले, ‘करा तुमचं काय ते.’

मी जुनी फाईल चढवली. शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. सगळे खड्डे जिथल्या तिथं. शेवटची ओळ, दोनशे चौदा. तक्ता छापला, वाटला. टँकर धुरळा उडवत निघाले. साहेब दारात उभे होते. मागं न वळता म्हणाले, ‘फोन करून सांगा तुमच्या बहिणीला. पाठवलाय म्हणावं टँकर.’

पुढचं थोडक्यात सांगते. पाहणीला कुणी आलं नाही. नवा जिल्हा झाला नाही. पाऊस लागला तसं माझं कंत्राट संपलं, ते पुन्हा निघालं नाही, आणि मी केळ्यांची रिकामी पिशवी घेऊन नांदेडला परत आले. त्याचं मला विशेष वाईट वाटलं नाही.

पण टँकर सुटले त्या दिवशी संध्याकाळी मी अक्काला फोन केला. खरं तर मी ऐकायला आतुर होते. मी भांडले, मी नोकरी पणाला लावली. बहीण काहीतरी गोड बोलेल, असं मला वाटत होतं.

‘आला का टँकर?’

‘आला. टाकी गच्च भरली.’ अक्का सांगू लागली. ‘डायवर नळी लावून म्हनतो, अम्मा, तुम्हारी बहन ने भिजवाया. मी म्हनलं, बंद कर नळी. तो येड्यासारखा बघाया लागला. म्हनलं, बहिनीनं धाडला असंल तर घिऊन जा माघारी. आमच्या टाकीवर नंबर हाय, त्यो बघ, तुझ्या कागदावरचा बघ, आन् मग सोड पानी. बघितला त्यानं. मग सोडलं.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘तू बी कुनाला सांगू नको,’ अक्का म्हणाली, ‘बहिनीला पानी मिळवून दिलं म्हनून. कुनाच्या मेहेरबानीनं घ्यायचं असतं तर चौकातलंच काय वाईट होतं?’